‘अच्छेव’ आणि समतोलाचा तराजू

‘विकास आणि पर्यावरण यांचा समतोल’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे, की हा तराजू कोणाच्या हाती आहे, हे विचारण्याचेही आपण विसरलो आहोत. खाणीचा प्रश्न निघाला की एका पारड्यात रोजगार, परकीय चलन आणि सरकारी महसूल ठेवला जातो. दुसऱ्या पारड्यात झाडे, झरे आणि एखादे देऊळ. मग तडजोडीचा एक आकडा निघतो आणि सर्वांचे समाधान झाले असे मानले जाते. या तराजूविषयी आम्हांला फार दिवस शंका होती. तिला शब्द मिळाले ते पुंडलिक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोंकणी कादंबरी वाचताना.

‘अच्छेव’ १९७७ साली प्रसिद्ध झाली. विद्या पै यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘द अपहीव्हल’ या नावाने २००२ साली आला. कथानक साधे आहे. गोव्याच्या एका खेड्यात पंढरी आणि रुक्मिणी हे शेतकरी जोडपे राहते. नानू आणि केसर ही त्यांची मुले. गावाजवळ खाण सुरू होते, रोख मजुरीची ओढ लागते आणि शेतीवर उभे असलेले हे घर हळूहळू खचत जाते. लेखक स्वतः फोंडा तालुक्यातील वळवईचे. दुरून पाहणाऱ्याला खाण हा केवळ डोंगराला पडलेला लाल खड्डा वाटतो. ती घराच्या आत कशी शिरते, हे या लेखकाला ठाऊक आहे.

या कादंबरीचे खरे बळ आमच्या मते येथे आहे. खाण गावावर हल्ला करून येत नाही. ती मजुरी देत येते. शेतकऱ्याला कोणी बंदूक दाखवत नाही. पावसाची वाट पाहत पिकवलेल्या भातापेक्षा आठवड्याच्या शेवटी हाती पडणारा पैसा त्याला अधिक खात्रीचा वाटतो, आणि त्यात वावगे असे काही नाही. परंतु त्या पैशाबरोबर काळाचे मोजमाप बदलते. पेरणी, लावणी, कापणी आणि जत्रा यांनी बांधलेले वर्ष सुटे होते. शेजाऱ्याच्या शेतात हात लावायला जाण्याची रीत मोडते, कारण आता हातालाही दर आहे. ही हानी कोणत्या पारड्यात ठेवावी? तिचे वजनच करता येत नाही, म्हणून ती हिशेबातून गळून पडते. अहवाल विहिरीतील पाण्याची पातळी मोजू शकतो. माणसाचे जमिनीशी असलेले नाते किती उतरले, हे सांगायला कादंबरीच लागते.

तथापि या कृतीची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. लेखकाचा भर कुटुंबाच्या नैतिक पडझडीवर इतका आहे, की खाण ही एखाद्या दैवी कोपासारखी भासू लागते. वाचक हळहळतो, पण ‘हे कोणी ठरवले?’ असा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच उभा राहतो. वस्तुतः हे सारे माणसांनी, कागदावर सह्या करून ठरवलेले होते. गोव्यातील खाणींचे हक्क पोर्तुगीज राजवटीत कायमस्वरूपी सवलती म्हणून दिले गेले. १९८७ साली संसदेने कायदा करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर केले. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांत डोंगर उघडे पडत गेले. एक टन खनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागतो. त्याचे ढीग रचले जातात आणि पावसाळ्यात ती माती शेतांत व ओहळांत उतरते. चीनची मागणी वाढल्यावर हा वेग आवाक्याबाहेर गेला.

न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल २०१२ साली संसदेपुढे आला आणि त्याच वर्षी खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भाडेपट्ट्यांची मुदत २००७ सालीच संपल्याचे सांगितले, वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ भाडेपट्ट्यांची नूतनीकरणेही रद्द झाली.

येथे न्यायबुद्धीने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७७ च्या कादंबरीला खाण बंद पडल्यानंतरचे गाव ठाऊक असणे शक्य नव्हते. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, बार्जवरील कामगार घरी बसले. ज्या शेताकडे परतावे, ते मातीखाली गेलेले होते. या माणसांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण एका पिढीला दुसरा मार्गच ठेवला नाही, याचा दोष त्यांचा नव्हे. ‘अच्छेव’चा उत्तरार्ध कोणी लिहील, तर तो या दारात उभ्या असलेल्या ट्रकपासून सुरू व्हावा.

वारशाचा प्रश्नही याच सूत्राशी जोडलेला आहे. डिचोली तालुक्यात शिरगावची लइराई आणि मुळगावची केळबाय या बहिणी मानल्या जातात. त्यांचीच आणखी एक बहीण म्हणजे म्हापशाची मिलाग्र सायबीण, अशी लोकश्रद्धा आहे. देऊळ आणि चर्च यांना एका नात्यात बांधणारी ही श्रद्धा कोणत्याही परिषदेने घडवलेली नाही. गावांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. डिसेंबर २०२२ पासून खाणींचे नव्याने लिलाव झाले, तेव्हा घरे, मंदिरे, तळी आणि शेते भाडेपट्ट्याच्या हद्दीतून वगळावीत, अशी मागणी याच गावांना करावी लागली. देऊळ वगळले आणि तळे आटले, तर वारसा राहिला असे म्हणता येईल काय? वारसा वास्तूत असतो तेवढाच तिच्याकडे येणाऱ्या वाटेत, पाण्यात आणि माणसांत असतो.

महाराष्ट्रातील वाचकाने हे पलीकडचे दुःख समजू नये. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून चिखलाचे पाणी वस्तीत आणि बागायतीत शिरले. गोव्याची सीमा तेथून फार दूर नाही.

म्हणून ‘अच्छेव’ आज वाचावी असे आम्ही सुचवतो, आणि निकालपत्रे व अहवाल हाताशी ठेवून वाचावी. कादंबरी काय गमावले ते सांगते; कागद ते कोणी ठरवले ते सांगतात. पुढच्या जनसुनावणीत समतोलाची भाषा ऐकू येईल, तेव्हा ज्यांचे वजन करता येत नाही अशा गोष्टींविषयी बोलण्याचा अधिकार तेथे राहणाऱ्यांना आहे की नाही, एवढे तरी विचारले गेले पाहिजे. तो अधिकार नसेल, तर पारडी कितीही सरळ दिसोत, त्या मापाला आम्ही न्याय म्हणणार नाही.