नवतेचा उगम : केशवसुतांच्या ‘चतुर्दशका’च्या निमित्ताने

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे जन्मलेल्या केशवसुतांच्या (१८६६–१९०५) काव्यातील नवतेची उपपत्ती सामान्यतः दोन प्रकारे लावली जाते. एका मते ती इंग्रजी काव्याची उसनवारी होय. दुसऱ्या मते ते स्वयंभू प्रतिभेचे स्फुरण होय. मराठीतील पहिले सुनीत मानली जाणारी ‘मयूरासन आणि ताजमहाल’ (१८९२) ही कविता तपासली असता दोन्ही मते अपुरी ठरतात.

इंग्रजी सॉनेटची लय आघातावर उभी असते. मराठीत आघात अर्थभेदक नाही. तिची वृत्ते लघुगुरूंच्या क्रमावर चालतात. तेव्हा सॉनेटची मूळ लय मराठीत आणणे शक्यच नव्हते. केशवसुतांनी चौदा ओळींचा बंध स्वीकारला. लय मात्र पंडित कवींनी घोटलेल्या एकोणीस अक्षरी शार्दूलविक्रीडिताची ठेवली आणि या रचनाप्रकारास ‘चतुर्दशक’ म्हटले. विषयही परका नाही : एकाच बादशहाच्या दोन निर्मिती तेथे समोरासमोर ठेवल्या आहेत.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. इंग्रजी काव्य केशवसुतांपूर्वीच अनेकांच्या वाचनात होते. केवळ वाचनाने नवता येत असती, तर सुनीतास १८९२ पर्यंत थांबावे लागले नसते. केवळ प्रतिभेने येत असती, तर चौदाच ओळींचा आग्रह अनाकलनीय ठरतो. परका बंध आणि स्वभाषेची प्रकृती यांच्यातील विरोध ज्याला जाणवतो व जो तो सोडवू पाहतो, त्याच्याच हातून नवे घडते. ‘प्रभाव’ एवढे म्हणून थांबणारी समीक्षा नेमका हा विरोधच वगळते. संशोधनाचा आरंभ मात्र तेथूनच व्हावयास हवा.