लेवी पिंडांचा उगम : एका सिद्धान्ताची चिकित्सा

कंपवाताचे मूळ शोधताना संशोधकांची दृष्टी दीर्घकाळ मध्यमस्तिष्कातील सब्स्टान्शिया नायग्रा या काळसर पुंजावर खिळून राहिली. यात थोडी मौज आहे. १९१२ साली फ्रिट्झ लेवी यांनी पेशींतील गोलाकार पिंड प्रथम वर्णिले ते या पुंजातले नव्हेत. व्हेगस मज्जातंतूच्या केंद्रकातले व अग्रमस्तिष्काच्या तळाचे. काळ्या पुंजातील पिंडांची नोंद त्रेत्याकोफ यांनी १९१९ साली पॅरिसच्या आपल्या प्रबंधात केली आणि त्यांना लेवींचे नावही दिले. नाव टिकले, लेवींनी दाखविलेली जागा मात्र मागे पडली.

ती पुन्हा पुढे आणली हाइको ब्राक यांनी. अल्फा-सिन्युक्लिन हे पिंडांचे मुख्य प्रथिन असल्याचे १९९७ साली सिद्ध झाले होते. त्याच्या आधारे मृतांचे मेंदू तपासून ब्राक यांनी २००३ साली सहा अवस्था मांडल्या : आरंभ घ्राणकंदात व व्हेगसच्या केंद्रकात, काळा पुंज तिसऱ्या अवस्थेत, मस्तिष्कबाह्यक अखेरीस. त्याहीपूर्वी आतड्यातून काही कारक व्हेगसच्या वाटेने वर चढत असावे, असा त्यांचा तर्क. कंपाच्या कितीतरी वर्षे आधी जडणारी बद्धकोष्ठता आणि मंदावणारा गंधबोध यांचा उलगडा त्याने होतो, हे मान्य करावयास हवे.

परंतु उपपत्ती सुंदर असली म्हणजे ती सिद्ध झाली, असे नव्हे. ब्राक यांनी लक्षणपूर्व अवस्थेतील मेंदू निवडताना व्हेगसच्या केंद्रकातील विकृती हीच कसोटी लावली होती. मग आरंभ तेथेच आढळावा यात नवल ते काय? पुढे इतरांना असे मेंदू मिळाले की ज्यांत हे केंद्रक निर्मळ आणि अमिग्डला मात्र पिंडांनी भरलेला. व्हेगसच्या छेदाचा पुरावाही तसाच डळमळीत. जठरव्रणासाठी हा मज्जातंतू पूर्णपणे छेदलेल्यांना कंपवात कमी होतो, असे २०१५ साली डेन्मार्कच्या नोंदींवरून सांगितले गेले. त्याच देशाच्या नोंदींवरून दुसऱ्या संशोधकांना तो निष्कर्ष निघेना. २०१९ साली उंदरांच्या जठरात व आतड्यात टोचलेले विकृत प्रथिन मेंदूपर्यंत पोहोचले, व्हेगस छेदल्यावर पोहोचले नाही. येथे मार्ग शक्य आहे इतकेच ठरते. रोग्याच्या शरीरात रोग त्याच मार्गाने जातो, हे ठरत नाही.

त्याच वर्षी डेन्मार्कमधील बोर्गहॅमर व त्यांच्या सहकारी यांनी दोन उगम सुचविले : काहींत रोग शरीरातून वर चढतो, काहींत मेंदूतून खाली उतरतो. कोणताही निकाल पोटात घालू शकणाऱ्या अशा द्विमुखी उपपत्तीकडे संशयाने पाहणे योग्यच. मात्र हिने तपासता येईल असे भाकीत केले, हा तिचा गुण : स्वप्ननिद्रेत हातपाय झाडणाऱ्यांत हृदयाचे अनुकंपी तंतू काळ्या पुंजाच्या आधी क्षीण झालेले दिसावेत. २०२० सालच्या चित्रणात बव्हंशी तसेच दिसले.

हा वाद केवळ शवविच्छेदकांचा नाही. कंप दिसू लागतो तेव्हा काळ्या पुंजातील पेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो. रोखणारे औषध द्यावयाचे ते त्यापूर्वीच. ते कोणास द्यावे, हे उगमावर अवलंबून आहे. आतड्याच्या ऊतकाची किंवा निद्रेची चाचणी शरीरातून चढणारा रोग हेरू शकेल. मेंदूत आरंभ झालेला तिच्या हातून निसटेल. दोन्ही प्रकारचे रोगी एकाच औषधप्रयोगात मिसळले, तर एका गटाचा लाभ दुसऱ्याच्या अपयशात बुडून जाईल.