जुन्या मार्गनिर्देशन प्रोटोकॉलचे दोषनिदान : आरएफसी १०५८ चे समीक्षात्मक वाचन

प्रस्तावना

तांत्रिक दस्तऐवज हा समीक्षेचा विषय होऊ शकतो का, हा प्रश्न मराठीत फारसा विचारला गेलेला नाही. तो माहितीपुरता वाचायचा आणि परीक्षेनंतर बाजूला ठेवायचा, अशीच सर्वसाधारण धारणा आहे. मात्र ज्या दस्तऐवजाच्या आधारे हजारो यंत्रे परस्परांशी बोलली, त्याची भाषा, त्याचा अपेक्षित वाचक आणि त्याची मौने तपासणे अध्यापनाच्या दृष्टीने आवश्यक ठरते. जून १९८८ मध्ये चार्ल्स हेड्रिक यांनी लिहिलेला 'राउटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल', म्हणजेच आरएफसी १०५८, हा असाच एक दस्तऐवज होय.

दस्तऐवजाचे स्वरूप

या दस्तऐवजाचे वेगळेपण असे, की येथे आज्ञावली आधी आली आणि तिचे वर्णन नंतर. बर्कले युनिक्सच्या १९८३ मधील आवृत्तीपासून 'राउटेड' नावाची आज्ञावली मार्गनिर्देशनाचे काम करीत होती. तिची मुळे झेरॉक्सच्या त्याहून जुन्या प्रोटोकॉलमध्ये होती. प्रचारात असलेल्या या व्यवहाराला हेड्रिक यांनी लेखी रूप दिले. एका अर्थाने हे बोलीचे व्याकरण लिहिण्यासारखेच काम आहे. व्याकरणकार जसा बोलीतील विसंगतीही नोंदवतो, तसे येथे प्रोटोकॉलचे दोष लपविलेले नाहीत. पंधरापेक्षा अधिक टप्प्यांचे जाळे या प्रोटोकॉलला पेलत नाही. सोळा म्हणजे 'अनंत' अंतर. दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला तक्ता पाठवायचा आणि १८० सेकंद वार्ता न आल्यास मार्ग मृत मानायचा, असे नियम आहेत. दुवा तुटल्यावर यंत्रे एकमेकांच्या शिळ्या वार्तेवर विसंबून अंतर वाढवीत नेतात. हा दोष दोन यंत्रांपुरता आवरता येतो, तीन यंत्रांच्या फेऱ्यात तो पूर्णपणे टळत नाही, हेही दस्तऐवज सांगतो. हा प्रामाणिकपणा हे त्याचे मोठे सामर्थ्य होय.

ऐकीव ज्ञानाची मर्यादा

या प्रोटोकॉलचे तत्त्व खानदेशच्या वाचकाला अपरिचित वाटू नये. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडाफडांत पोहोचते आणि पाटकरी ते पाळीप्रमाणे सोडतो. मात्र पाटकरी ऐकीव वार्तेवर थांबत नाही. पाणी अडले तर तो पाटाच्या कडेने चालत जाऊन फूट कोठे पडली ते पाहतो. 'रिप'चे यंत्र जाग्यावरच बसून शेजाऱ्याने सांगितलेले अंतर खरे मानते आणि त्यात एक मिळवून पुढे सांगते. चालत जाण्याचे काम उरते ते सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडे.

एक नमुना-प्रसंग

समजा, एका शिक्षणसंस्थेची केंद्रे जळगाव, पारोळा आणि धुळे येथे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी जुना युनिक्स सर्व्हर मार्गनिर्देशन करतो. जळगावचे उपजाळे १७२.१६.१.०, धुळ्याचे १७२.१६.२.०. पारोळ्याशी जोडणारे दुवे मात्र १९२.१६८.५.० आणि १९२.१६८.६.० या वेगळ्या जाळ्यांतील आहेत. 'रिप'च्या पहिल्या आवृत्तीतील संदेशात सबनेट मास्कला जागाच नाही. त्यामुळे सीमेवरचा सर्व्हर आपल्या उपजाळ्याचे नाव न सांगता '१७२.१६.०.० माझ्याकडे' एवढेच सांगतो. जळगावही तेच सांगते, धुळेही तेच. पारोळ्याला दोन्ही अंतरे समान दिसतात आणि नियमानुसार आधी आलेली वार्ता टिकते. जळगावची वार्ता आधी आली, तर धुळ्याला जाणारी पाकिटेही जळगावच्या वाटेला लागतात.

लक्षण फसवे आहे. केबल शाबूत, दुवे चालू, 'पिंग' एका बाजूला यशस्वी. पारोळ्याचा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, की कधी धुळे चालू होते आणि जळगाव बंद पडते. पुन्हा सुरू करणे हा उपाय नसून तीच निदानाची खूण आहे. दोष जागा बदलतो, याचा अर्थ तो तारेत नाही, तक्त्यात आहे. 'नेटस्टॅट'ने पारोळ्याचा मार्गतक्ता पाहिला, की १७२.१६.०.० ची एकच नोंद दिसते. 'ट्रेसरूट'ने पाकीट कोणत्या वाटेला लागले ते कळते आणि 'टीसीपीडम्प'ने यूडीपीच्या ५२० क्रमांकाच्या पोर्टवर दोन्हीकडून येणारी एकसारखी घोषणा पकडता येते. दोन्ही उपजाळ्यांसाठी मास्कसह स्थिर मार्ग लिहिणे किंवा मास्क वाहून नेणारी दुसरी आवृत्ती वापरणे, हे त्यावरचे उपाय होत.

दस्तऐवजाची उणीव

हा प्रसंग ज्या नियमांतून उद्भवतो ते नियम आरएफसी १०५८ मध्ये आहेत, परंतु ते आज्ञावली लिहिणाऱ्याला उद्देशून आहेत. प्रशासकाच्या हाती कोणती नियंत्रणे असावीत याचा अल्प विचार त्यात येतो. लक्षणापासून कारणाकडे जाण्याची वाट मात्र आखलेली नाही. संदेश पाठविणारा खरा की तोतया, हे पडताळण्याची सोयही या आवृत्तीत नाही. मार्च १९९६ मधील आरएफसी १९२३ ने ही आवृत्ती 'ऐतिहासिक' ठरविण्याची भूमिका मांडली आणि नोव्हेंबर १९९८ मधील आरएफसी २४५३ ने दुसऱ्या आवृत्तीला प्रमाणरूप दिले. तथापि 'ऐतिहासिक' हा शिक्का कागदावर बसतो. चालू यंत्र तो वाचत नाही.

निष्कर्ष

'कमाल टप्पे पंधरा, कालावधी ३० सेकंद' एवढ्या दोन ओळींत हा प्रोटोकॉल लिहून गुण मिळविता येतात. परंतु सोळा हा आकडा अनंत का मानला गेला, मास्क नसल्याने काय बिघडते, हे मूळ दस्तऐवज वाचल्याशिवाय कळत नाही. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला नोकरीत नवीनच यंत्रे मिळतील याची हमी नाही. दुसऱ्याने उभारून सोडून दिलेली व्यवस्था अनेकदा त्याच्याच वाट्याला येते. तेथे पाठ केलेले आकडे अपुरे पडतात. म्हणून आरएफसी १०५८ कालबाह्य प्रोटोकॉलचे पुस्तक म्हणून न शिकविता, आपले दोष स्वतः सांगणारा ग्रंथ म्हणून शिकवावा आणि त्याने न लिहिलेले दोषनिदानाचे प्रकरण विद्यार्थ्यांकडून प्रयोगशाळेत लिहून घ्यावे, हे अधिक सयुक्तिक ठरेल.