लॅव्हेंडरच्या प्रजातींची रासायनिक ओळख : एक चिकित्सा

'लॅव्हेंडर' या एका नावाखाली निदान चार वनस्पतींचा माल बाजारात येतो. लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया ही औषधी म्हणून मान्यता पावलेली प्रजाती. लॅटिफोलिया ही तिची रुंद पानांची सजातीय. या दोहोंचा संकर लॅव्हंडिन. आणि युनानी वैद्यकात उस्तुखुद्दूस म्हणून परिचित असलेली स्टोइकस. चुरलेल्या फुलांवरून यांतील भेद ओळखणे कठीण, आणि कुपीतील तेल नुसते पाहून तर अशक्यच. म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफीने मिळणाऱ्या घटक-आलेखाचा आधार घेतला जातो.

प्रथमदर्शनी हा आधार भक्कम वाटतो. युरोपीय औषधकोशानुसार अँगुस्टिफोलियाच्या तेलात लिनालूल २० ते ४५ टक्के व लिनॅलिल ॲसिटेट २५ ते ४६ टक्के असावे, तर कापूर १.२ टक्क्यांहून अधिक नसावा. 'ग्रोसो' या लॅव्हंडिनच्या प्रचलित वाणात कापूर सुमारे ६ ते ८ टक्के असतो. लॅटिफोलियात सिनिओलही भरपूर. स्टोइकसमध्ये बहुधा फेंकोन व कापूर यांचेच प्राबल्य. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात.

तथापि आलेख तेलाचा असतो, वनस्पतीचा नव्हे, याचा विसर पडतो. अँगुस्टिफोलिया व लॅटिफोलिया यांची तेले एकत्र केल्यास मिश्रणाचा आलेख लॅव्हंडिनच्या जवळ जातो. उलट, अस्सल फुलांचे ऊर्ध्वपातन लांबले की लिनॅलिल ॲसिटेटचे जलविघटन होते. तेल मर्यादेबाहेर जाते, प्रजाती मात्र तीच राहते. कृत्रिम ॲसिटेट मिसळून हे प्रमाण 'बसवता'ही येते. ही लबाडी कायरल पृथक्करणाने उघड होते, कारण नैसर्गिक लिनॅलिल ॲसिटेट जवळजवळ सर्वस्वी आर-स्वरूपाचे, तर कृत्रिम द्रव्यात आर व एस समप्रमाणात असतात. परंतु लॅव्हंडिनचे ॲसिटेटही आर-स्वरूपाचेच असल्याने या चाचणीने भेसळ कळते, प्रजाती कळत नाही. अर्कातील रोझमॅरिनिक आम्ल तर तुळशीच्या कुळात इतके सर्वत्र आढळते की या कामी त्याचा उपयोग बेताचाच.

खरी उणीव यंत्रात नसून नमुन्यात आहे. व्यापाऱ्याने दिलेल्या नावाने विकत घेतलेल्या तेलाचा आलेख त्या प्रजातीचा आलेख म्हणून छापला जातो, तेव्हा जे सिद्ध करावयाचे तेच आधी गृहीत धरलेले असते. फुलोऱ्यातील झाडावरून ओळख पटवून हर्बेरियममध्ये जतन केलेला संदर्भ-नमुना, आणि संकराची शंका असल्यास डीएनए-परीक्षण, यांवाचून अशा आलेखाखाली प्रजातीचे नाव लिहिणे घाईचे ठरते.