दव आणि तीन दिवसांची तहान

लखनौच्या अमीनाबादेत उर्दू पुस्तकांची जुनी दुकाने आहेत. तिथून आणलेल्या मीर अनीसच्या दोन पुस्तकांमुळे हे टिपण लिहितो आहे. एक विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या निवडक उताऱ्यांचे. दुसऱ्यात मर्सिये पूर्ण आहेत. पहिले वाचले की अनीस निसर्गकवी वाटतो: पहाट, ऊन, घोडा, तलवार. दुसरे वाचल्यावर पहिल्याचा राग येतो.

मर्सिया म्हणजे शोककाव्य. लखनौत त्याचा मुख्य विषय एकच, करबला: इ.स. ६८०, इमाम हुसैन, मूठभर सोबती आणि मोहरमच्या सात तारखेपासून तोडलेले पाणी. अनीसच्या (मृत्यू १८७४) सर्वांत गाजलेल्या मर्सियात युद्धाच्या दिवसाची पहाट उगवते. जवळजवळ दोनशे कडव्यांच्या त्या रचनेतला हा भाग पाठ्यपुस्तकांचा लाडका. पाखरे, फुले, हिरवळीवर मोत्यांसारखे दव. उताऱ्यात हे नुसते सुंदर दिसते. मर्सियात मात्र ते दव सोसवत नाही, कारण ते गवताला मिळाले आहे आणि तंबूतल्या मुलांना तीन दिवस थेंब नाही. पुढे तहानेचा उल्लेख येतोच. पण मजलिशीत बसलेल्याला त्याचीही वाट पाहावी लागत नाही. त्याला गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. भाव इथे कथेवर चढवलेला दागिना नाही. कथा काढून घेतली तर भावही जातो, उरते चित्र.

आपल्याकडे भावकाव्य आणि आख्यानकाव्य ही दोन घरे केशवसुतांनंतरच्या समीक्षेने इतकी वेगळी केली, की मोरोपंत शाळेपुरते उरले. ही विभागणी घेऊन अनीसकडे गेलो तर हाती उतारेच लागतात. मला वाटते, मिश्रण कुठे होते हे आपण चुकीच्या जागी शोधतो. गोष्ट सांगता सांगता कवी मध्येच गाणे घालतो असे ते नाही. मिश्रण कडव्यातच आहे. अनीसचे कडवे सहा ओळींचे, मुसद्दस. चार ओळींचे यमक एक, शेवटच्या दोन ओळींचे वेगळे. बरेचदा चार ओळींत घटना पुढे सरकते आणि यमक बदलताच ती थांबते. त्या दोन ओळी ऐकणाऱ्याच्या असतात. दाद तिथे येते, हुंदकाही तिथेच.

असाच प्रकार जर्मनीत इ.स. १२०० च्या सुमारास दिसतो. ‘निबेलुंगेनलीड’ या महाकाव्याचे कडवे चार लांब ओळींचे, आणि शेवटच्या ओळीचा उत्तरार्ध एका आघाताने लांबलेला. कथेकरी पुष्कळदा तिथेच पुढच्या सर्वनाशाची चाहूल देतो. गंमत म्हणजे, त्याआधी क्यूरेनबर्गर नावाच्या कवीने नेमके हेच कडवे प्रेमगीतांसाठी वापरले होते. एकच साचा, दोन कामे. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. जात्यावरची ओवी आणि मुक्तेश्वराच्या महाभारताची ओवी यांचे नाव उगाच एक नाही. ग्रंथातल्या ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. श्वास तिथे सुटतो.

अनीसवर एक जुना आक्षेप आहे: त्याच्या करबलेतल्या अरब स्त्रिया अवधच्या बेगमांसारख्या बोलतात, मुलाला रणात धाडताना त्याच्या लग्नाचे राहिलेले मनोरथ आठवून रडतात. आक्षेप खरा आहे आणि निरुपयोगी आहे. जात्यावर दळणाऱ्या बाईची सीता तरी कुठल्या मिथिलेची? ती सासुरवाशीण आहे, वनवासाला निघताना माहेराकडे वळून बघणारी. गाणारीचे दुःख सीतेच्या गोष्टीत शिरल्याशिवाय तिला ती गोष्ट सांगताच येत नाही. अनीसच्या आयांनाही लखनौच्या आयांच्या भाषेतच रडावे लागले.

आणखी एक गोष्ट कागदावर कळत नाही. अनीस मर्सिया गात नसे. मिंबरवर बसून तहतुल्लफ्ज पद्धतीने, म्हणजे सुरावट न लावता, आवाजाच्या चढउतारावर म्हणत असे. सोजख्वानी हा गाण्याचा प्रकार वेगळा होता, लोकप्रियही होता. सूर नाकारूनही ओळ काळजात कशी घुसते, याचे उत्तर मला त्या यमकाच्या वळणात सापडते.

पूर्ण पुस्तकातली पहाटेची काही कडवी मराठी ओवीत उतरवून पाहिली. चार ओळी सहज बसल्या. शेवटच्या दोन मात्र आखूड चौथ्या चरणात मावत नाहीत. मावल्या तर दव उरते, तहान जाते. सध्या त्या दोन ओळी वेगळ्या ओवीत ठेवल्या आहेत आणि त्या वाचताना मध्ये जरा जास्तच थांबावे लागते.