प्रसंग आणि दिनक्रम : दलित साहित्यातील थकव्याचा प्रश्न

मराठी समीक्षेने कंटाळा या अनुभवाला मोठे स्थान दिलेले आहे. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या 'काही कविता'पासून नेमाड्यांच्या १९६३ सालच्या 'कोसला'पर्यंत आणि त्यानंतरही, त्याच त्या दिवसांची पुनरावृत्ती, यंत्रवत जगणे, निरर्थकता, तुटलेपण या शब्दांवाचून आधुनिक साहित्याची चर्चा पुरी होत नाही. सकाळी उठावे, गाडी पकडावी, कचेरीत मान मोडावी, संध्याकाळी परतावे, या चक्रात सापडलेल्या पांढरपेशा माणसाची घुसमट ही आधुनिक माणसाचीच घुसमट होय, असे समीक्षकांनी एकमुखाने सांगितले. त्या घुसमटीला तत्त्वज्ञानाचे पाठबळ हवे म्हणून अस्तित्ववादाचे ग्रंथही हाताशी घेतले गेले.

हीच समीक्षा दलित साहित्याकडे वळते तेव्हा मात्र तिची भाषा पालटते. येथे ती वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द घेऊन येते. हे शब्द खोटे नाहीत. आपल्या लेखकांनी आणि समीक्षकांनी ते रक्त आटवून कमावलेले आहेत. परंतु या तीन शब्दांच्या चौकटीत एक साधा अनुभव कोठेच बसत नाही. तो म्हणजे थकवा. कालचेच काम आज, आजचेच काम उद्या, आणि त्यातून सुटका दिसत नाही म्हणून आलेला शीण. हा अनुभव दलित माणसाला नसतो काय? की त्याला कंटाळण्याचा अधिकारच नाही, असे गृहीत धरून आपण चाललो आहोत? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पांढरपेशाचा कंटाळा आणि दलिताचा थकवा या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. कंटाळा येण्यासाठी माणसाला आपला वेळ आपला आहे, निदान तो आपला असावयास हवा होता, अशी जाणीव असावी लागते. गावगाड्यातील महाराला ही जाणीव होऊ नये अशी व्यवस्थाच होती. १८७४ च्या वतन कायद्याने त्या व्यवस्थेला सरकारी शिक्का दिला. निरोप पोहोचविणे, चावडीची राखण, साहेबांच्या घोड्यापुढे धावणे, मेलेले जनावर ओढणे, मर्तिकाची खबर परगावी नेणे, लाकडे फोडणे, ही कामे येसकराच्या पाळीला ठरलेली असत. १९२८ साली मुंबई विधिमंडळात हा कायदा बदलण्याचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी नेमके वेळेवर बोट ठेवले होते. वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधलेला असतो, आणि तो हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला कामावर ओढले जाते, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे प्रश्न मोबदल्याचा होताच, पण दिवस कोणाच्या मालकीचा, हाही होता. हे वतन जाण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

अल्बेर कामूने १९४२ साली सिसिफसच्या कथेवर लिहिले. डोंगरावर धोंडा ढकलीत न्यावयाचा, तो खाली घरंगळावयाचा, पुन्हा ढकलावयाचा. आमच्या महाविद्यालयांतून ही कथा आधुनिक माणसाची कथा म्हणून शिकविली जाते. मीही ती शिकवितो. पण दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे सिसिफस राजा होता आणि शिक्षा त्याला स्वतःच्या करणीबद्दल झाली होती. येसकराचा धोंडा त्याच्या बापाने आणि आज्याने ढकललेला होता व पुढे त्याचा मुलगाही तोच ढकलणार होता. दुसरी गोष्ट अशी की, सिसिफस सुखी आहे असे मानले पाहिजे, या निष्कर्षाशी कामू येऊन थांबतो. तो निष्कर्ष बंडखोर माणसाच्या तोंडी शोभतो. गावगाड्याने मात्र हेच वाक्य वतनदाराच्या माथी मारले होते. दारोदारची भाकर मिळते, सुगीला बलुते मिळते, इनामाचा तुकडा आहे, मग महार सुखीच आहे! तेव्हा परक्या तत्त्वज्ञानातील शब्द उचलून आपल्या थकव्याला चिकटविता येणार नाहीत. आपल्या थकव्याला इतिहास आहे. तो त्याच्या इतिहासासह वाचावा लागेल.

आता आपल्या साहित्याकडे पाहू. दलित आत्मकथन प्रामुख्याने प्रसंगांतून उभे राहते. पाणवठ्यावरचा अपमान, शाळेत वेगळे बसणे, भुकेचा दिवस, मारहाण, दंगल, गाव सोडणे. लेखकाने प्रसंग निवडणे स्वाभाविक होते, कारण ज्याला कोणी साक्षीदार नाही त्याला आधी पुरावा द्यावा लागतो, आणि पुरावा प्रसंगाचा असतो. परंतु जात ही केवळ प्रसंगांतून चालत नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये जे शेकडो दिवस जातात, ज्यांत कोणी मारीत नाही, शिवी देत नाही, नुसते तेच काम तेच हात करीत राहतात, त्या दिवसांतूनही जात चालते. किंबहुना तेथेच ती अधिक मुरते.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याची चर्चा कावाखान्याची झाली, गावच्या महारवाड्याची झाली, लेखकाच्या धीटपणाची झाली. पण हे सारे सांगणारा दगडू मारुती पवार पुढे शहरात कारकुनी करणारा माणूस आहे, शिकून वर आल्यावरही जो मोकळा होत नाही असा माणूस आहे. तो दया पवारालाच आपली कहाणी सांगतो, या रचनेत एका जन्मातील दोन दिनक्रमांची फाळणी आहे. या बाजूने त्या पुस्तकाकडे फारसे पाहिले गेले नाही.

याहून बोलके उदाहरण माधव कोंडविलकरांच्या १९७९ सालच्या 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे'चे आहे. कोकणातील एका खेड्यात शिक्षक म्हणून राहणाऱ्या चर्मकार समाजातील माणसाचे हे लेखन रोजनिशीच्या रूपात आहे. रोजनिशी म्हटली की टीकाकार तिला दस्तऐवज म्हणतो, कच्चा माल म्हणतो आणि पुढे जातो. माझे म्हणणे असे की, हे रूप त्या आशयाला नेमके लागू पडते. हातात खडू आला तरी गावाच्या नजरेत जात तीच राहते, हे एका प्रसंगाने सिद्ध होत नाही. तारीख बदलते आणि नजर बदलत नाही, हे दाखवावयास तारखाच लागतात. मोठ्या प्रसंगाची वाट न पाहता रोजचा दिवस लिहिण्याचे हे धाडस आपण पुढे वाढविले नाही.

स्त्रियांच्या लेखनात मात्र दिनक्रम आपोआप आला. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात कोवळ्या सुनेचा दिवस आहे. अंधारात जात्यावर बसावयाचे, भाकरी थापावयाच्या, पाणी, सरपण, आणि वर सासूचा मार. बाहेर येसकराची पाळी गावाने ठरविलेली आणि घरात सुनेची पाळी कुटुंबाने ठरविलेली, हे दुहेरी बांधलेपण त्यांनी स्वच्छ दाखविले. त्यांनी हे लिखाण नवऱ्यापासून लपवून केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. म्हणजे लिहिण्यापुरता वेळही दिवसातून चोरावा लागला. ऊर्मिला पवारांच्या २००३ सालच्या 'आयदान'मध्ये बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारी आई आहे. विणणे थांबत नाही, कारण थांबले तर चूल थांबते. त्या विणण्याशी लेखिका आपल्या लिहिण्याचे नाते जोडते. समीक्षकांना ते रूपक फार आवडले. पण रूपकाच्या कौतुकात आईची दुखणारी पाठ आणि चिरलेली बोटे विसरली जाऊ नयेत, एवढीच अपेक्षा आहे.

गिरणगावाचेही हेच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तुटलेले सूत तोंडाने ओढावे लागे, या सबबीवर अस्पृश्य कामगाराला त्या खात्याबाहेर ठेवले गेले. दिवसभर तेच यंत्र, तेच सूत, हा एकसुरीपणा सगळ्याच कामगारांच्या वाट्याला आला. पण कोणत्या कामाच्या एकसुरीपणात कोणी अडकावयाचे, हे येथेही जातीने ठरविले. यंत्रयुगाच्या नावाने शोक करणाऱ्या कवितेत हा भेद आढळत नाही.

मी राहतो ते पिंपरी पेंढार गाव नगर-कल्याण रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्ये आहे. कालव्याचे पाणी आल्यापासून हा पट्टा कांद्याचा, टोमॅटोचा, उसाचा झाला. बागायत वाढली तशी मजुरीही वाढली. कांदाकाढणीच्या दिवसांत दिवस उजाडण्यापूर्वी भाकरी बांधून बायका रस्त्याला येतात, पिकअपमध्ये उभ्याने शेतावर जातात, दिवसभर वाकून काम करतात आणि अंधारात पुन्हा चुलीपाशी बसतात. २०२४ साली या गावच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात बायका दगावल्या. तेव्हा वर्तमानपत्रे आली, अधिकारी आले, पिंजरे लागले. ते होणे आवश्यकच होते. पण दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर बाकीच्या बायका पुन्हा कामाला गेल्या, याची बातमी झाली नाही. होणारही नव्हती. बातमी प्रसंगाची असते. भीती पोटात घेऊन रोज त्याच पाथीला लागणे हा प्रसंग नव्हे, तो दिनक्रम आहे. साहित्याने बातमीहून निराळे काही करावयाचे असेल तर ते येथे करावयाचे आहे.

जवळच नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी म्हणून नावाजलेले. जत्रांचा हंगाम आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यावयास येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ती सांगताना वक्त्याचा कंठ दाटून येतो आणि शेवटी तो म्हणतो, केवढी ही कलेची निष्ठा! मला या ठिकाणी थांबावेसे वाटते. ज्या व्यवसायात बाळंतपणाचीही रजा नाही, त्याची ही कहाणी आहे. एक खेळ बुडाला तर फड बुडतो, कर्ज डोक्यावर बसते, म्हणून उभे राहावे लागते. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत रोज नवे गाव, रोज तंबू ठोकणे, पहाटेपर्यंत नाचणे, ट्रकमध्ये झोपणे आणि दुसऱ्या गावी तेच. विठाबाईंना राष्ट्रपतींचे पदक मिळाले, २००२ साली त्या गेल्यावर त्यांच्या नावे शासनाचा पुरस्कारही निघाला, पण त्यांची अखेर हलाखीत झाली. एका रात्रीचे गुणगान करून हजारो रात्रींचा शीण झाकता येतो, हे या हकीकतीवरून दिसते. निष्ठा हा शब्द वतनाच्या काळीही वापरला जात होता, हे विसरू नये.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे मूळ दाखवून ठेवले आहे. 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ सालच्या इंग्रजी ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना ते यंत्राची बाजू घेतात. कारण यंत्राने माणसाला फुरसत मिळू शकते, आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. राबणे आणि पोट भरणे यापलीकडे ज्याला काही उरत नाही त्याचे जगणे पशूच्या जगण्याहून वेगळे राहत नाही, असा त्यांचा विचार आहे. यंत्राचा दोष यंत्रात नसून ज्या समाजरचनेत ते फायद्यासाठी राबविले जाते तिच्यात आहे, हेही ते सांगतात. पुढच्याच वर्षी, १९४६ साली, बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मजूरमंत्री म्हणून मांडले. एकाच विचाराच्या या दोन बाजू आहेत. म्हणून थकलेल्या माणसाने फुरसत मागणे हे आंबेडकरी विचारात कोठेही कमीपणाचे ठरत नाही.

असे असूनही आज आपल्यातील शिकलेला माणूस थकवा बोलून दाखवीत नाही. घरातील पहिला पदवीधर म्हणून मला हे जवळून ठाऊक आहे. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणारा, दोन एसट्या बदलून दोन महाविद्यालये गाठणारा, तोच धडा चार तुकड्यांना सांगणारा, रात्री उत्तरपत्रिका तपासणारा माणूस कंटाळलो म्हणाला, तर बाहेरचे म्हणतात, यांना आणखी काय पाहिजे? घरचे म्हणतात, आम्ही उन्हात राबलो, तू पंख्याखाली बसतोस. चळवळीतले म्हणतात, समाजाचे ऋण फेडावयाचे सोडून हे रडगाणे कशाला? तिघांचे म्हणणे तीन ठिकाणांहून येते, पण परिणाम एकच होतो. तो माणूस गप्प बसतो, आणि साहित्यात तो येतो तेव्हा एकतर यशाची कथा म्हणून येतो, नाहीतर समाजाला विसरलेला साहेब म्हणून. त्याचा दिवस कोठेच येत नाही.

याचा एक वाईट परिणाम आपल्या लेखनावर झालेला आहे. जो दिनक्रम आपण लिहीत नाही तो आपल्या लेखनाच्या घडणीत शिरतो. जन्म, शाळा, अपमान, वसतिगृह, नोकरी हा क्रम कित्येक आत्मकथनांत ठरून गेला आहे. १४ एप्रिलची आणि ६ डिसेंबरची भाषणेही गेल्या वर्षीच्या कागदावरून वाचावीत अशी झाली आहेत. विद्रोहाचाही दिनक्रम होऊ शकतो. तो झाला की ऐकणारा थकतो, आणि आपण त्याला उदासीन म्हणून दोष देतो.

तेव्हा दलित साहित्याने थकवा लिहावा, याचा अर्थ त्याने पांढरपेशाचे सुस्कारे उसने घ्यावेत असा नव्हे. रोजचा दिवस तासातासाने मांडावा. कोणाचे किती तास कोण घेतो, कोणाची झोप कोणाच्या सोयीसाठी मोडते, घरात पुरुष शिकून मोकळा झाला तेव्हा बाईचे किती काम कमी झाले, हे विचारावे. हा हिशेब मांडताना आपल्याच घरांकडे बोट जाईल, ते जाऊ द्यावे. वतन कायद्याने गेले. परंतु आपला दिवस आपल्या हाती आला काय, हे तपासण्याचे काम साहित्याचे आहे. ते करावयाचे तर थकलो हा शब्द प्रथम लाज न बाळगता उच्चारावा लागेल.