‘सॉल्ट रेन’: आळवणी आणि साथसंगत

‘फ्यूजन’ हा शब्द कानी पडला की जाणता श्रोता बहुधा साशंक होतो. तबल्याचे चार बोल, सतारीचा एखादा झंकार आणि खाली इलेक्ट्रिक गिटार, एवढ्या भांडवलावर पूर्व-पश्चिमेचे मीलन घडल्याचे सांगणाऱ्या ध्वनिमुद्रिका थोड्याथोडक्या नाहीत. सुशीला रामन यांची ‘सॉल्ट रेन’ (२००१) ही पहिलीच ध्वनिमुद्रिका मात्र अधिक गंभीरपणे ऐकावी अशी आहे.

रामन यांचा जन्म १९७३ साली लंडनमध्ये, तमिळ आईवडिलांच्या पोटी झाला. बालपण ऑस्ट्रेलियात गेले. घरात कर्नाटक संगीताचे शिक्षण मिळाले आणि तारुण्यात त्या रॉक, ब्लूज व जॅझकडे वळल्या. १९९५ मध्ये त्या भारतात आल्या आणि त्यांनी श्रुती सडोलीकर यांच्याकडे शिक्षण घेतले. म्हणजे कोल्हापूरशी नाते सांगणाऱ्या जयपूर-अत्रौली गायकीचा स्पर्शही या गळ्याला झाला आहे. पुढे गिटारवादक सॅम मिल्स यांच्या साहाय्याने ‘सॉल्ट रेन’ साकारली. ब्रिटनमधील मर्क्युरी पुरस्कारासाठी तिला नामांकन मिळाले.

या संग्रहात त्यागराजांची ‘नगुमोमु’ आहे, तशीच टिम बकली यांची ‘साँग टू द सायरन’ही आहे. त्यागराजांचे आर्त मागणे रामाच्या हसऱ्या मुखाच्या दर्शनाचे. बकलींच्या गीतातली ओढ मानवी प्रेमाची. दोन्ही एकाच खर्जाकडे झुकणाऱ्या, किंचित घोगऱ्या स्वरात ऐकताना विरह हा दोहोंचा समान धागा आपोआप जाणवतो. शेजारी ठेवल्यानेच त्या गीतांचा अर्थ वाढतो. या संग्रहाचे खरे यश मला येथे दिसते.

अडचण आहे ती साथीची. आपला राग एका षड्जावर उभा असतो. पाश्चात्त्य स्वरसंवाद पायाखालची जमीनच सरकवीत पुढे जातो. ‘मामवतु’ ही रचना मूळ हिंदोळम् रागातली, म्हणजे आपल्या मालकंसाच्या स्वरांची. त्यात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. गिटारच्या साध्या मायनर कॉर्डमध्ये मात्र पंचम ठाण मांडून बसलेला असतो. अशा वेळी साथीदाराने संयम पाळावा, नाहीतर रागात परका स्वर शिरणारच. येथील साथ पुष्कळदा गळ्याला वाव देते, हे तिचे श्रेय. परंतु लय चढते तेथे गमक सपाट होते, आणि चार-पाच मिनिटांच्या मर्यादेत संगतींचा विस्तार आक्रसतो. ज्याने मूळ कृती ऐकली आहे, त्याला ही उणीव बोचेल.

तरीही ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून ध्वनिमुद्रिका बाजूला सारता येणार नाही. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी युरोपीय बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या. त्यांचे बंधू बालुस्वामी यांनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणले. ते परदेशी वाद्य आज त्या मैफलीत घरचेच झाले आहे. कारण ते वादकांनी रागाची शिस्त शिकून वाजविले. उसनवारीत दोष नसतो. जे घेतले त्याची शिस्त न शिकण्यात दोष असतो.

आपल्या चर्चमधील गायनमंडळांत ऑर्गनच्या सोबतीने पेटी-तबला वाजू लागला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही परिचयाचा आहे. वाद्य कोठले, हे विचारण्यापूर्वी आळवणी शाबूत राहिली का, हे विचारावे. ‘सॉल्ट रेन’मध्ये ती सर्वत्र राहिलेली नाही. ‘नगुमोमु’मध्ये मात्र ती आहे, आणि तेवढ्यासाठी ही ध्वनिमुद्रिका घरी सर्वांनी एकत्र बसून, शांतपणे ऐकावी.